प्योंगचांगची स्प्रिंट: पोटावर झोपून मारलेल्या पाच गोळ्या आणि बावीस सेकंद

११ फेब्रुवारी २०१८ ला दक्षिण कोरियातल्या प्योंगचांग हिवाळी ऑलिंपिकमध्ये, आल्पेन्सिया बायथलॉन केंद्रावर, पुरुषांची १० किलोमीटर स्प्रिंट झाली. बायथलॉन म्हणजे स्कीवरची शर्यत आणि मध्ये थांबून रायफलने नेमबाजी. रात्रीची वेळ, कडाक्याची थंडी आणि अधूनमधून सुटणारा वारा. जर्मनीचा आर्न्ड पायफर २३ मिनिटं ३८.८ सेकंदांत पहिला आला. चेक प्रजासत्ताकाचा मिखाल क्रचमार्झ ४.४ सेकंदांनी मागे राहून दुसरा आणि इटलीचा डोमिनिक विंडिश ७.७ सेकंदांनी मागे राहून तिसरा. त्या मोसमातल्या बहुतेक शर्यती ज्या दोघांनी वाटून घेतल्या होत्या, त्यांपैकी फ्रान्सचा मार्टिन फुर्काद आठवा आला आणि नॉर्वेचा योहानेस थिंगनेस बो ३१ वा.

पायफरच्या दहाही गोळ्या लागल्या, क्रचमार्झच्याही. विंडिशची एक हुकली. फुर्कादच्या पोटावर झोपून मारलेल्या पाचपैकी तीन हुकल्या, उभं राहून मारलेल्या पाचही लागल्या. बोच्या एकूण चार हुकल्या.

मराठवाड्यात बर्फ नाही, पण या शर्यतीचे दोन्ही घटक इथे गावोगाव आहेत. तालुक्याच्या प्रत्येक ठिकाणी पोलीस भरतीच्या अकादम्या पहाटे १६०० मीटर पळवतात. कॉलेजात एनसीसी केलेल्या पोरांनी पोटावर झोपून .२२ रायफलच्या गोळ्या झाडलेल्या असतात. दहा मीटर एअर रायफलच्या रेंज छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड अशा शहरांत आता नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. आणि सैन्यात भरती झाल्यावर इथला मुलगा थेट बर्फात जाऊन उभा राहतो. बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे महार रेजिमेंटमध्ये भरती झाल्यावर सियाचीनला होता. स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळ्यांच्या धावशर्यतीकडे, तो त्यानंतर वळला. उणीव आहे ती एकाच गोष्टीची: धावणं एका मैदानावर शिकवलं जातं, नेमबाजी दुसऱ्या खोलीत, आणि दम लागलेला असताना, वारा सुटलेला असताना चाप कसा दाबायचा हे कुणीच शिकवत नाही. आल्पेन्सियाची ती शर्यत नेमकी तिथेच ठरली. म्हणून ती इथे उलगडून पाहायची.

शर्यतीची रचना, थोडक्यात

स्पर्धक ३० सेकंदांच्या अंतराने एकेक सुटतात. साधारण ३.३ किलोमीटरच्या तीन फेऱ्या. पहिल्या फेरीनंतर पोटावर झोपून पाच गोळ्या, दुसरीनंतर उभं राहून पाच, तिसरी फेरी संपली की शर्यत संपली. लक्ष्य ५० मीटरवर असतं. झोपून मारताना लागू भाग ४५ मिलिमीटर व्यासाचा, उभं राहून मारताना ११५ मिलिमीटरचा. पाच काळे ठिपके एका ओळीत. गोळी लागली की ठिपका पांढरा होतो. रायफल .२२ ची, किमान साडेतीन किलोची, आणि पूर्ण शर्यतभर पाठीवर. रिले शर्यतीत मिळतात तशा जादा गोळ्या स्प्रिंटमध्ये नसतात. जेवढ्या हुकल्या तेवढ्या १५० मीटरच्या दंडफेऱ्या, त्याही लगेच, पुढच्या फेरीवर जाण्याआधी. फेरी मारायची राहिली तर प्रत्येकी दोन मिनिटं वेळेत वाढतात.

चांगल्या स्कीअरला एक दंडफेरी साधारण २२ ते २५ सेकंदांना पडते. पुढच्या हिशेबासाठी २३ धरू.

हिशेब

फुर्कादच्या तीन दंडफेऱ्या म्हणजे अंदाजे ७० सेकंद. तो पायफरच्या मागे राहिला अवघे २२ सेकंद. म्हणजे स्कीवर त्या रात्री तो पायफरपेक्षा बराच वेगवान होता. त्या तिनांपैकी एक लागली असती तरी तो जवळजवळ पायफरच्या बरोबरीला आला असता, दोन लागल्या असत्या तर शर्यत त्याची होती. विंडिशचंही तेच: एका चुकीचे २३ सेकंद वजा केले तर तो पायफरच्या पुढे सुमारे १५ सेकंद येतो. पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकातलं अंतर ४.४ सेकंद, म्हणजे दंडफेरीचा पाचवा हिस्सा.

याला एक बाजू अजून आहे, जी हिशेबात दिसत नाही. दंडफेरीची किंमत सेकंदांपुरतीच नसते. तीन फेऱ्या म्हणजे ४५० मीटर जादा, तेही पहिल्या नेमबाजीनंतर, दोन फेऱ्या बाकी असताना. पायांत आलेला तो थकवा घेऊनच उभ्याने नेम धरायचा असतो. एवढं होऊन फुर्कादने उभ्याने पाचही मारल्या. माझ्या मते त्या शर्यतीतली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट हीच आहे, पदकांच्या यादीत ती नसली तरी.

वेग असेल तर एखादी चूक झाकली जाते. बीजिंग २०२२ च्या स्प्रिंटमध्ये हाच योहानेस थिंगनेस बो एक गोळी हुकूनही पहिला आला, सगळ्या गोळ्या मारलेल्या फ्रान्सच्या काँतां फियों माय्येच्या २५.५ सेकंद पुढे. एक चूक त्याला परवडली. २०१८ मध्ये चार परवडल्या नाहीत. जगात कुणालाही परवडत नाहीत. चार चुका म्हणजे दीड मिनिट, आणि साडेतेवीस मिनिटांच्या शर्यतीत दीड मिनिट भरून काढणारा स्कीअर जन्माला आलेला नाही.

झोपून मारताना वाऱ्याचं काय होतं

पोटावर झोपल्यावर रायफल स्थिर असते, म्हणून नवखे झोपून मारणं सोपं समजतात. शांत हवेत ते खरंही आहे. वारा सुटला की चित्र उलटतं, आणि त्याचं कारण आकड्यांतच आहे.

बायथलॉनची .२२ गोळी सुमारे २.६ ग्रॅमची, नळीतून निघताना आवाजापेक्षा थोड्या कमी वेगाने, सेकंदाला ३२०–३३० मीटरने जाते. ५० मीटर पार करायला तिला साधारण ०.१६ सेकंद लागतात. सेकंदाला ४ मीटर वेगाचा आडवा वारा तेवढ्या वेळात तिला सुमारे अडीच सेंटीमीटर बाजूला नेतो. झोपून मारायच्या लक्ष्याची त्रिज्या सव्वादोन सेंटीमीटर. म्हणजे नेम अगदी मध्यावर, चाप स्वच्छ, श्वास जागेवर, तरी गोळी कडेला किंवा बाहेर. ताशी चौदा-पंधरा किलोमीटरचा हा वारा काही वादळ नव्हे. आपल्याकडे माळावर दुपारी तेवढा रोज असतो.

उभ्याने मारताना लक्ष्याची त्रिज्या पावणेसहा सेंटीमीटर. तोच वारा गोळीला तेवढाच ढकलतो, पण गोळी आतच राहते. तिथे वारा त्रास देतो तो वेगळा: अंगाला आणि रायफलीच्या नळीला धक्के देतो. झोपून मारताना वारा गोळी पळवतो, उभ्याने मारताना माणूस हलवतो. या दोन वेगळ्या अडचणी आहेत आणि दोन्हींचे उपाय वेगळे. एकाच माणसाचे झोपून तीन हुकतात आणि उभ्याने एकही नाही, हे यामुळेच शक्य होतं.

शर्यतीआधी रायफल झीरो करायला, म्हणजे नेम धरू तिथेच गोळी लागेल अशी साईट जुळवायला, वेळ मिळतो. कागदी लक्ष्यावर पाच-पाच गोळ्यांचे गट मारायचे, प्रशिक्षक दुर्बिणीतून गट पाहतो आणि मागच्या साईटला किती क्लिक द्यायचे, म्हणजे ती किती टप्पे सरकवायची, ते सांगतो. थंडीत दारूगोळ्याचा वेग कमी होतो, म्हणून झीरो त्याच थंडीत, त्याच रेंजवर करावा लागतो. पण झीरो होतो तो त्या वेळच्या वाऱ्यात. सुटण्याआधी पाच मिनिटं हे सगळं बंद होतं, आणि स्पर्धक पहिल्यांदा रेंजवर येतो तोवर पहिली फेरी पळून झालेली असते. तोपर्यंत वारा फिरला असेल तर साईट चुकीच्या वाऱ्यावर बसलेली आहे. झीरो करताना रेंजवरची वारा दाखवणारी झेंडी कशी होती, किती उचललेली होती, कोणत्या बाजूला होती, हे चित्र डोक्यात पक्कं असलं तरच आता तिच्यात काय बदललं ते कळतं. ते नसेल तर क्लिक देणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

रेंजवर येणाऱ्या माणसापुढे तीन वाटा असतात.

पहिली, क्लिक देणे. मॅटवर पडण्याआधी किंवा पडल्यावर साईटची बाजूची चकती फिरवायची. वारा एकसारखा वाहत असेल तर हा सर्वांत खात्रीचा उपाय.

दुसरी, नेम सरकवणे. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला नेम किंचित सरकवायचा, म्हणजे पुढच्या साईटच्या रिंगमध्ये काळा ठिपका मध्ये न राहता उलट बाजूला दिसतो. वारा प्रत्येक गोळीला बदलत असेल तेव्हा हेच करतात. सराव नसेल तर यात दोन चुका एकत्र येतात: किती सरकवायचं ते चुकतं, आणि ठिपका मध्ये नसल्यामुळे चाप घाईने दाबला जातो.

तिसरी, थांबणे. झोत ओसरेपर्यंत चाप दाबायचा नाही. हे सर्वांना माहीत असतं आणि शर्यतीत फार थोडे करतात, कारण शेजारच्या लेनवरचा ठकाठक मारत असतो. इथे हिशेब मदतीला येतो. समजा झोतात गोळी लागण्याची शक्यता दहात सहा आहे आणि झोत ओसरल्यावर दहात नऊ. फरक दहात तीनचा. एका चुकीची किंमत २३ सेकंद, तिचा तीन-दशांश म्हणजे सुमारे ७ सेकंद. म्हणजे त्या गोळीसाठी सहा-सात सेकंद थांबणं फायद्याचंच आहे. पंधरा सेकंद थांबणं तोट्याचं. खेळाडूच्या डोक्यात हा आकडा आधीच बसलेला असला की मॅटवर विचार करावा लागत नाही. उभ्याने मात्र एवढं थांबता येत नाही. दहा-बारा सेकंदांत हात आणि मांड्या थरथरू लागतात, डोळाही ठिपक्यावर टक लावून थकतो. उभ्याने झोत आलाच तर रायफल खाली घेऊन दोन श्वास घ्यावेत आणि पुन्हा उचलावी.

पहिली हुकली, आता काय?

धातूच्या लक्ष्यावर गोळी कुठे लागली ते नेमबाजाला दिसत नाही. ठिपका काळा राहिला एवढंच कळतं. गोळी डावीकडे गेली की वर, वाऱ्याने नेली की चाप झटक्याने दाबला गेला, हे स्वतःलाच ओळखावं लागतं. म्हणून शिस्त अशी: पहिली हुकली आणि चाप दाबताना ठिपका सरकल्याची जाणीव असेल, तर साईटला हात लावायचा नाही. दोष हाताचा आहे, क्लिक दिला तर पुढची चांगली गोळीही हुकेल. ठिपका स्थिर होता, चाप मऊ गेला आणि तरी हुकली, तर आधी झेंडीकडे पाहायचं. झेंडी झीरोच्या वेळेपेक्षा वेगळी असेल तर क्लिक. वेगळी नसेल तर तसंच पुढे.

सर्वात घातक असतं ते घाबरून घाई करणं. दोन हुकल्यावर उरलेल्या तीन पटापट उरकून रेंजवरून निघावंसं वाटतं. हे ऑलिंपिकमध्येही होतं आणि परभणीच्या एखाद्या मैदानावरही होईल. उपाय तांत्रिक आहे, भाषणाचा नाही: प्रत्येक गोळीनंतर बोल्ट (गोळी भरायची खिट्टी) मागे-पुढे, एक पूर्ण श्वास, गाल दस्त्यावर त्याच जागी, मग ठिपका. ही साखळी शंभरदा पाठ केलेली असेल तर घाबरलेला माणूसही तीच करतो.

नाडीबद्दल एक बारकावा. झोपून मारताना रायफलीचा पट्टा दंडाला आवळलेला असतो. रेंजवर येताना हृदय कमाल वेगाच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास धावत असतं आणि पट्टा दंडाच्या धमनीवर बसला तर प्रत्येक ठोक्याला नळीचं टोक वर-खाली उसळतं. रिंगमध्ये ठिपका तालावर नाचताना स्पष्ट दिसतो. पट्ट्याची कडी दोन बोटं वर किंवा बाहेरच्या बाजूला सरकवली की उसळी कमी होते. हे रेंजवर शांतपणे बसून कधीच लक्षात येत नाही, पळून आल्यावरच दिसतं.

आपल्या मैदानावर ही परिस्थिती कशी उभी करावी

.२२ ला शस्त्रपरवाना लागतो, म्हणून सराव ४.५ मिलिमीटर छऱ्याच्या दहा मीटर एअर रायफलवर, पीप साईटसह (बारीक भोकातून पाहून नेम धरायची साईट). पन्नास मीटरवरचं ४५ मिलिमीटरचं लक्ष्य दहा मीटरवर ९ मिलिमीटरचं होतं, ११५ चं २३ मिलिमीटरचं. साध्या पांढऱ्या कागदावर या मापाचे पाच काळे ठिपके छापून घ्यावेत, दोन ठिपक्यांत चार-पाच सेंटीमीटर जागा ठेवून. छऱ्याचं भोक ठिपक्याला शिवलं की लागली असं मानावं.

स्कीच्या जागी धावणं: एक किलोमीटरच्या तीन फेऱ्या. दंडफेरी १५० मीटर ठेवू नये. धावून तिला पस्तीस-चाळीस सेकंद लागतात आणि खेळाडू एका चुकीतच संपतो. दमलेल्या मुलाला २३ सेकंद लागतील एवढं अंतर म्हणजे ९० ते १०० मीटर. रायफल पाठीवर घेऊन धावायचं नाही. ती गोळीबाराच्या जागेवरच, तोंड लक्ष्याकडे, उघडी आणि रिकामी ठेवलेली असावी. तिच्याजवळ एक मोठा माणूस कायम उभा असावा. लक्ष्यामागे छरे अडवणारी पेटी आणि तिच्यामागे मातीचा उंच बांध हवा, पायवाट नको. सगळ्यांच्या डोळ्यांवर चष्मा.

वाऱ्यासाठी बांबूच्या दोन काड्या, एक तीन मीटरवर आणि एक आठ मीटरवर, टोकाला जुन्या सुती साडीची दोन बोटं रुंद, हातभर लांब पट्टी. नायलॉनची नको, ती ताठ राहते आणि खोटं सांगते. छरा हलका असल्यामुळे सेकंदाला चार मीटरचा वारा त्याला दहा मीटरवरही सेंटीमीटरभर नेऊ शकतो. नऊ मिलिमीटरच्या ठिपक्यासाठी हे .२२ पेक्षाही कडक आहे. म्हणून सुरुवात हिवाळ्यात सकाळी सहा ते आठ, हवा पडलेली असताना. पट्टी सरळ खाली लटकत असेल तेव्हा झीरो करावा. दोन-तीन आठवड्यांनी मुद्दाम नऊ-दहाला मैदान धरावं, पट्टी हलू लागते तेव्हा. एप्रिल-मे मधल्या दुपारी वावटळी उठतात. त्या वेळी शिकण्यासारखं काही उरत नाही आणि चाळीस अंशांत पळवणं धोक्याचंही आहे.

मैदान मुरमाचं हवं. काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा पडतात आणि घोटा मुरगळतो, पावसाळ्यात चपलेला दोन किलो चिखल चिकटतो.

नळी मोडून भरायची रायफल झोपून वापरताना अडचण येते: प्रत्येक छऱ्याला उठून नळी मोडावी लागते आणि बैठक सुटते. बाजूच्या दांडीने भरायची, दाबलेल्या हवेवर चालणारी रायफल मिळाली तर उत्तम. नसेल तर भरण्याचा वेळ हिशेबात धरू नये आणि बैठक पुन्हा तीच बसते की नाही यावर लक्ष ठेवावं. कोपरांच्या जागी मॅटवर खडूने खूण करून ठेवली की फरक लगेच दिसतो.

नव्या गटात हमखास दिसणाऱ्या चुका अशा. मुलं शेवटचे शंभर मीटर जीव तोडून पळत येतात आणि मॅटवर आदळतात. शेवटचे पन्नास-साठ मीटर वेग थोडा उतरवून, खोल श्वास घेत यावं. घाम भुवईवरून डोळ्यात उतरतो आणि पहिलीच गोळी डोळा मिटून सुटते. कपाळाला सुती पट्टी बांधावी. झेंडीकडे कुणी पाहतच नाही, म्हणून नियमच करावा की मॅटवर पडण्याआधी पट्टीची दिशा मोठ्याने सांगायची, “डावीकडून, अर्धी.” न सांगता पडला तर पहिली गोळी हुकली असं धरायचं. आठवडाभरात सवय लागते.

वहीत प्रत्येक धावेचे पाच रकाने पुरतात: रेंजवर आल्यापासून पहिल्या गोळीपर्यंतचे सेकंद, पहिल्या ते पाचव्या गोळीचे सेकंद, हुकलेल्या गोळ्या आणि त्यांचे क्रमांक, पट्टीची स्थिती, दिलेले क्लिक. क्रमांक लिहिणं सोडू नये. पहिलीच गोळी वारंवार हुकत असेल तर दोष येण्याच्या वेगात किंवा झीरोत आहे. चौथी-पाचवी हुकत असेल तर घाईत. मधल्या हुकत असतील आणि पट्टी बदलत असेल तर वाऱ्यात. तीन वेगळे दोष, तीन वेगळे सराव, आणि नुसते “पाचात दोन हुकल्या” एवढं लिहिलं तर तिन्ही एकसारखेच दिसतात.

फुर्कादची पुढची गोष्ट या वहीच्या कामाची आहे. स्प्रिंटचं अंतर परस्यूटमध्ये, म्हणजे पाठलागाच्या शर्यतीत, तसंच पुढे जातं: पहिला आलेला आधी सुटतो, बाकीचे जेवढे सेकंद मागे राहिले तेवढे उशिरा. १२ फेब्रुवारीला तो पायफरनंतर २२ सेकंदांनी, आठव्या क्रमांकावर सुटला. परस्यूटमध्ये चार वेळा नेमबाजी, वीस गोळ्या, त्यांतल्या पहिल्या दहा झोपूनच. त्याची एकूण एक हुकली आणि तो जिंकला. बोने १५ तारखेच्या २० किलोमीटर वैयक्तिक शर्यतीत सुवर्ण मिळवलं, जिथे प्रत्येक चुकीला सरळ एक मिनिट वाढतं; त्याच्या दोन हुकल्या होत्या. म्हणून झोपून केलेल्या एका खराब नेमबाजीवरून मुलाला बाजूला काढू नये आणि त्याची बैठकही बदलू नये. दुसऱ्या दिवशी त्याच मैदानावर, त्याच वेळेला, पट्टी पाहून पुन्हा झीरो करावा आणि तीच पाच गोळ्यांची साखळी द्यावी.